सही कोणाची? आई किंवा वडील मुलाला सोडून गेल्यावर इंदूरमध्ये करायची कायदेशीर कामं

शाळेच्या फॉर्मवर खाली दोन चौकटी असतात, 'पिता के हस्ताक्षर' आणि 'माता के हस्ताक्षर'. पुतणी तिसरीत असताना तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "काकू, इथे कोण?" मोठे दीर जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. जाऊबाई त्यानंतर सात-आठ महिन्यांनी बऱ्हाणपूरला माहेरी म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पहिल्या वर्षी दोन-तीन फोन आले, मग तेही थांबले. मी 'माता'च्या चौकटीत माझी सही केली आणि शाळेनं ती चालवून घेतली. पुढे दिरांच्या विम्याचे पैसे पोरीच्या नावे ठेवायला गेलो तेव्हा बँकेनं मात्र विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

त्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर मिळवायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. त्यातले आठ महिने आमच्याच चुकीनं गेले. सुदामानगरच्या आमच्या गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी दोन घरांत असाच प्रसंग आला, आणि दोघांनाही मी तेच तेच सांगितलं. ते एकदा सगळं लिहून ठेवते. मी वकील नाही. पण त्या फाइलमधला प्रत्येक कागद मी माझ्या हातानं लावला आहे.

आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

माणसं वकिलाकडे जातात आणि म्हणतात, "तिचे आईपणाचे हक्कच काढून टाका." किंवा, "बापाचं नाव कायमचं उडवा." मुलाला सोडून दिलं म्हणून आई-बापाचं नातंच न्यायालयानं संपवावं, असा स्वतंत्र दावा आपल्याकडे नाही. आहेत त्या वेगवेगळ्या गोष्टी, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की वर्षं वाया जातात.

पहिली गोष्ट ताबा, म्हणजे मूल कोणाजवळ राहील. दुसरी पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीनं कोण सही करेल, शाळा, दवाखाना, पासपोर्ट यांचे निर्णय कोण घेईल. यासाठी 1890 चा संरक्षक एवं प्रतिपाल्य अधिनियम आहे. इंदूरच्या कोर्टात 'संरक्षक' हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरते. संरक्षक नेमला तरी जन्मदात्या आई-वडिलांशी नातं तुटत नाही. मुलाचा त्यांच्या मिळकतीवरचा वारसाहक्क राहतो, आणि त्यांची पोसण्याची जबाबदारीही राहते. तिसरी गोष्ट दत्तक. जुनं नातं कायद्यानं खरोखर संपतं ते इथेच. दत्तकाच्या दिवसापासून मूल नव्या घरचं होतं, आणि विधिवत झालेलं दत्तक पुढे रद्द करता येत नाही.

याशिवाय बाल कल्याण समितीचा एक मार्ग आहे. मुलाला सांभाळायला घरचं कोणीच नसेल तेव्हाचा तो. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आमची गरज सहीची होती, म्हणून आम्ही संरक्षकत्वाचा अर्ज केला. दत्तकाचा विचारही झाला. आम्हाला मुलगा आहे, मुलगी नाही, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. पण पुतणीनं आजीला विचारलं, "मग माझ्या नावापुढे बाबांचं नाव राहणार नाही का?" आमच्या घरी तो विषय तिथेच संपला. तुमच्या घरचं उत्तर वेगळं असू शकतं. मात्र मूल सात-आठ वर्षांचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

'सोडून गेले' म्हणजे काय

इथे घाई करू नका, कारण सगळा खटला यावर उभा राहतो. नोकरीसाठी गुजरातेत किंवा आखातात गेलेला, अधूनमधून पैसे धाडणारा बाप मुलाला सोडून गेलेला नसतो. आजारी, इस्पितळात किंवा तुरुंगात असलेला माणूसही त्या अर्थानं गेलेला नसतो. आणि मारहाण सोसवेना म्हणून जीव वाचवून पळालेली, मुलाला भेटायला आली तर दारातून परत पाठवलेली आई तर मुळीच नाही. तशा आईविरुद्ध सासरचा कोणी माझ्याकडे सल्ल्याला आला, तर मी त्याला आधी तिला मूल भेटू दे म्हणून सांगते.

2015 च्या बाल न्याय कायद्यानं मुलाला टाकून देणं हा गुन्हा ठरवला आहे. पण जन्मदात्यांनी आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही, असंही त्याच कलमात म्हटलं आहे. ही ओळ मला महत्त्वाची वाटते. आमच्या जाऊबाई तेव्हा 24 वर्षांच्या होत्या, हाताला काम नव्हतं, नवरा गेलेला. आम्ही अर्जात त्यांच्या वागणुकीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिल्या त्या फक्त तारखा: शेवटचं कधी आल्या, शेवटचा फोन कधी आला, खर्चाला पैसे आले की नाहीत, आजारपणात कोण होतं. वकिलांनी आधीच्या मसुद्यात 'चरित्रहीन' असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. त्यानं खटला बळकट होत नाही, आणि उद्या हीच फाइल मुलगी वाचणार असते.

तुमचं प्रकरण कोणत्या वाटेचं

वडील निघून गेले आणि आई मुलाला सांभाळते आहे, असं असेल तर बऱ्याचदा वेगळा संरक्षक नेमून घ्यायची गरजच नसते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलं आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या निकालात 'नंतर'चा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच न घेता 'अनुपस्थितीत' असा लावला. बाप जिवंत असून मुलाकडे लक्षच देत नसेल, तरी तो अनुपस्थितच धरता येतो. त्याच्याही आधी, 1970 मध्ये, जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या खटल्यात याच न्यायालयानं, वेगळा राहणारा आणि मुलीत कसलंच लक्ष न घालणारा बाप असताना आईलाच नैसर्गिक पालक मानलं होतं. एखाद्या कार्यालयातला बाबू 'पिताजी को लाइए' म्हणून अडून बसला, तर वकिलाकडून या दोन निकालांचा हवाला असलेलं पत्र घेऊन जा. तरीही काम अडलं तर मग कोर्टात जा.

लग्नाविना झालेलं मूल असेल आणि आईला संरक्षकत्वाचा हुकूम हवा असेल, तर बापाला नोटीस दिलीच पाहिजे असं नाही, त्याचं नावही सांगायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तसा निर्णय दिला आहे.

आई-वडिलांपैकी एक मृत आणि दुसरा निघून गेलेला, किंवा दोघंही निघून गेलेले, आणि मूल आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या यांच्याकडे असेल, तर वाट आमचीच. संरक्षकत्वाचा अर्ज.

आणि एक अवघड प्रकार. पहिला नवरा बेपत्ता आहे, आईनं दुसरं लग्न केलं, आणि नव्या नवऱ्यानं मुलाला दत्तक घ्यावं अशी इच्छा आहे. इथे पुष्कळ लोक फसतात. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 9 प्रमाणे एका पालकाला मूल दत्तक द्यायचं तर दुसऱ्याची संमती लागते. संमती लागत नाही ती फक्त तीन कारणांनी: त्यानं संसाराचा पूर्ण आणि कायमचा त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयानं त्याला वेडसर ठरवलं असेल. 'मुलाला सोडून गेला' हे कारण त्या यादीत नाही! ते त्याच कलमात पुढे येतं, पण तिथे दत्तक देणारा संरक्षक असतो आणि न्यायालयाची आधी परवानगी लागते. म्हणून अशा घरांनी सरळ दत्तकपत्र नोंदवायला जाऊ नये. ते पुढे कोणीही आव्हान देऊन पाडू शकतो. आधी ताबा आणि पालकत्वाचा प्रश्न कोर्टातून सोडवून घ्या, मग दत्तकाची वाट वकिलाबरोबर बसून ठरवा.

कोर्ट कोणतं

मूल जिथे नेहमी राहतं तिथलं. इंदूरमध्ये राहत असेल तर इंदूरचं, आई बऱ्हाणपूरला असो की पुण्याला. मुलाची व्यक्ती म्हणून काळजी, ताबा, भेटीगाठी यांचे अर्ज कुटुंब न्यायालयात जातात. मुलाच्या मिळकतीसाठी संरक्षक हवा असेल, म्हणजे वडिलांच्या घरातला हिस्सा, शेत, प्लॉट, तर तो अर्ज जिल्हा न्यायालयात. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात 'व्यक्तीचं' संरक्षकत्व असं स्पष्ट लिहिलं आहे, मिळकतीचं नाही. दोन्ही एकाच अर्जात कोंबले की एक भाग परत येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानं स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर 15100. पगारदार बाईलाही हा हक्क आहे, हे आमच्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं.

अर्जदार कोण व्हावं

पोरीला खरं वाढवलं ते सासूबाईंनी. अर्ज मात्र आम्ही ह्यांच्या नावे केला. संरक्षक नेमताना न्यायालय बघतं ते मुलाचं हित, आणि त्यात मुलाचं वय, अर्जदाराचा स्वभाव आणि ऐपत, नात्याची जवळीक, मूल जाणतं असेल तर त्याची इच्छा. सासूबाई तेव्हा 71 च्या होत्या. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांची तब्येत साथ देईल का, हा प्रश्न आलाच असता. आजी साक्षीदार झाल्या, आणि त्यांच्याइतकी चांगली साक्ष आमच्यापैकी कोणाचीच झाली नाही.

अर्जात काय लिहायचं

1890 च्या संरक्षक कायद्याच्या कलम 10 मध्ये (पुढे कायद्याचं नाव न देता आलेली कलमंही याचीच) यादीच दिली आहे: मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण; मिळकत असेल तर ती काय, कुठे, अंदाजे किमतीची; आत्ता मूल कोणाजवळ आहे; जवळचे नातेवाईक कोण आणि कुठे राहतात; आधी कोणी संरक्षक नेमला होता का, कुठे अर्ज केला होता का; अर्जदाराची पात्रता; आणि अर्ज का करावा लागला. याशिवाय 'मी संरक्षक व्हायला तयार आहे' असं अर्जदाराचं लेखी निवेदन लागतं, त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या. ही सह्यांची बाब विसरू नका, आमचं निवेदन पहिल्याच दिवशी त्यासाठी परत आलं होतं.

आई किंवा वडील जिवंत असतील तर आणखी एक वाक्य हवंच. कलम 19 सांगतं की जिवंत असलेले आई-वडील न्यायालयाच्या मते 'अयोग्य' नसतील, तर दुसरा संरक्षक नेमता येत नाही. म्हणजे नुसतं 'आम्ही छान सांभाळतो' पुरत नाही. ती व्यक्ती संरक्षक म्हणून का अयोग्य ठरते, हे अर्जात मांडावं लागतं आणि पुराव्यानं दाखवावं लागतं. इतक्या वर्षांची पूर्ण बेपर्वाई हा त्याचा आधार.

नातेवाइकांच्या यादीत मुलाच्या आईकडची माणसंही लिहा. लपवाल तर तेच उद्या उभी राहून म्हणतील की आम्हाला कळवलंच नाही.

पुरावा: एका वहीत तारखा

सगळ्यात उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे त्याचा कागद कोणता. शाळेच्या फीच्या पावत्या, त्यावर भरणाऱ्याचं नाव. लसीकरणाचं कार्ड. डेंग्यू झाला तेव्हाचा दवाखान्यातला भरतीचा कागद, त्यावर 'अटेंडंट: दादी'. शाळेच्या डायरीतल्या पालकसभेच्या नोंदी. सासूबाईंचं बँकेचं पासबुक, ज्यात जाऊबाईंकडून एकही रक्कम आलेली नाही. शेजारच्या काकूंचं शपथपत्र. तुमच्याकडे अंगणवाडी ताईंची नोंदवही असेल तर तीही चालते.

माणूस खरंच बेपत्ता असेल तर थान्यात गुमशुदगीची नोंद करा आणि तिची प्रमाणित प्रत घ्या. सात वर्षं खबर नसेल तर मृत मानता येतं हे लोकांनी ऐकलेलं असतं, म्हणून ते सात वर्षं थांबून राहतात. संरक्षकत्वासाठी थांबायची काही गरज नाही.

व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर नुसते स्क्रीनशॉट छापून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि आपल्या लोकांसाठी खास गोष्ट: इंदूरचं कोर्ट हिंदीत चालतं. जाऊबाईंनी सासूबाईंना पाठवलेली एक चिठ्ठी आमच्याकडे होती, मराठीत. 'आई, मला आता जमणार नाही, छकुलीला तुम्हीच बघा.' दीड ओळ. तिचा हिंदी अनुवाद शपथपत्रासह जोडल्यावरच ती वाचली गेली. मराठी पत्रं, पत्रिका, माहेरचे कागद यांचा अनुवाद पहिल्या पेशीआधी, म्हणजे सुनावणीआधी, तयार ठेवा.

नोटीस: आमचे आठ महिने इथे गेले

अर्ज दाखल झाला की न्यायालय आई-वडिलांना, मूल ज्याच्याजवळ आहे त्याला आणि गरज वाटेल त्या नातेवाइकांना नोटीस काढतं. तिची प्रत कोर्टाच्या इमारतीत आणि मूल राहतं त्या घरावर लावतात.

आमच्या पहिल्या वकिलांनी जाऊबाईंचा पत्ता आमच्याच घराचा दिला, 'अंतिम ज्ञात पता' म्हणून. लिफाफा साहजिकच परत आला, वर पोस्टमनच्या निळ्या पेनानं लिहिलेलं, 'प्राप्तकर्ता यहाँ नहीं रहती'. मग इंदूरच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापली. पैसे गेले. पुढच्या पेशीला न्यायाधीशबाईंनी सासूबाईंना विचारलं, "बहू का मायका कहाँ है?" त्यांनी सांगितलं, बऱ्हाणपूर. अख्ख्या फाइलमध्ये बऱ्हाणपूर हा शब्द नव्हता. सगळी तामील, म्हणजे नोटीस बजावणं, पुन्हा करायला लागली.

तेव्हा असं करा. तुम्हाला माहीत असलेले सगळे पत्ते अर्जात द्या: माहेर, भावाचं घर, नोकरीचं ठिकाण, जुना फोन नंबर, सगळं. नोंदणीकृत टपालानं आणि कोर्टाच्या माणसाकरवी प्रयत्न झाल्यावरच, ती व्यक्ती सापडत नाही असं शपथपत्र देऊन जाहीर सूचनेची परवानगी मागा. आणि सूचना छापायची ती तुमच्या सोयीच्या वर्तमानपत्रात नाही, तर ती व्यक्ती शेवटची जिथे राहत होती किंवा काम करत होती त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. पूर्ण पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको, तारीख आणि दैनिकाचं नाव दिसलं पाहिजे.

हे सगळं इतकं सांगण्याचं कारण असं: समोरचा आला नाही तर एकतर्फी हुकूम होतो. पण नोटीस नीट बजावली नव्हती असं दाखवता आलं, तर हुकूम कळल्यापासून 30 दिवसांत येऊन तो रद्द करून मागता येतो. पुढची दहा वर्षं त्या धास्तीत काढण्यापेक्षा दोन महिने जास्त घालवलेले बरे.

मधल्या काळात मुलाची शाळा बदलायची असेल, ऑपरेशन असेल, तर कलम 12 खाली तात्पुरत्या ताब्याचा हुकूम मागता येतो. तो मुख्य अर्जाबरोबरच मागा.

पेशीच्या दिवशी

कुटुंब न्यायालय आधी समेट होतो का ते बघतं, समुपदेशकाकडे पाठवतं. तिथे भांडायला जाऊ नका. साक्षीत विचारतात ती साधी गोष्ट: मूल किती वाजता उठतं, कोण डबा करतं, वर्गशिक्षिकेचं नाव काय. ह्यांना वर्गशिक्षिकेचं नाव आठवेना. सासूबाईंना आठवलं.

मुलाला न्यायाधीश आपल्या खोलीत एकटं बोलावून विचारू शकतात. त्याची तालीम घेऊ नका. आमच्या पोरीनं हिंदी प्रश्नांची उत्तरं मराठीत दिली. बाईंना मराठी येत होतं, इंदूरमध्ये तेवढं असतंच. बाहेर आल्यावर तिनं मला फक्त एवढंच सांगितलं, "त्यांनी चॉकलेट दिलं आणि आईचा फोटो आहे का विचारलं."

हुकूम विरोधात गेला तर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील. आपलं खंडपीठ इंदूरमध्येच आहे, जबलपूरला जावं लागत नाही.

हुकूम हातात आल्यावर

प्रमाणित नकला निदान पाच घ्या. मूळ नक्कल कोणालाही ठेवायला देऊ नका. मग शाळा, बँक, आधार. मध्य प्रदेशात त्याबरोबर समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबांची नोंदणी: मुलाचा नऊ अंकी सदस्य क्रमांक आई-वडिलांच्या आठ अंकी परिवार क्रमांकातून काढून तुमच्या परिवारात आणावा लागतो. हे राहिलं तर शिष्यवृत्तीपासून प्रवेशापर्यंत सगळं अडतं.

मिळकतीचे संरक्षक असाल तर मुलाचं घर, जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही करता येत नाही. कोर्टानं मागितलं की मिळकतीची यादी आणि हिशेब द्यावे लागतात, म्हणून मुलाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा.

आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम 26 प्रमाणे कोर्टानं नेमलेल्या संरक्षकाला मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायचं तर परवानगी लागते. आपल्याकडे दहावीनंतर मुलं पुण्याला पाठवायची रीत आहे. बदली, वसतिगृह, कायमचं स्थलांतर असेल तर आधी अर्ज द्या.

पैशाची ओढाताण असेल तर महिला व बालविकास विभागाकडे मिशन वात्सल्यखालच्या प्रायोजकत्वाची चौकशी करा. मुलामागे महिना 4,000 रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000 रुपये. निघून गेलेला बाप कमावता असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली निर्वाहखर्च मागा. तो गेला म्हणून त्याची जबाबदारी गेली नाही.

दत्तकच हवं असेल तर

हिंदू कायद्यानं, आई-वडील दोघंही मृत असतील किंवा मुलाला सोडून गेले असतील तर संरक्षक जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊन मूल दत्तक देऊ शकतो. एक मृत आणि एक निघून गेलेला असं असेल तर ते अर्जात सुटं सुटं लिहा आणि दोन्हींचा पुरावा लावा. मूल पंधराच्या आतलं आणि अविवाहित हवं. आपल्याला मुलगा असताना मुलगा किंवा मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. पुरुषानं मुलगी किंवा स्त्रीनं मुलगा दत्तक घ्यायचा तर वयात 21 वर्षांचं अंतर हवं. कुठलाही पैसा देणं-घेणं गुन्हा आहे. आधीच मुलाच्या नावावर झालेली मिळकत त्याचीच राहते.

दुसरी वाट बाल न्याय कायद्याची, कोणत्याही धर्माच्या घराला खुली. काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंद करता येते. जिल्हा बाल संरक्षण विभाग घरी येऊन अहवाल करतो. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा हुकूम न्यायालय नाही, जिल्हाधिकारी देतात.

मुलाचं घरचं कोणीच नसेल, कोणी शेजाऱ्याकडे किंवा देवळात ठेवून गेलं असेल, तर 1098 वर फोन करा. चोवीस तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. समिती चौकशी करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत, मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं ठरवते. एखादी आई स्वतः येऊन 'माझ्यानं होत नाही' म्हणाली तरी तिला समितीकडेच न्या. तिथे समर्पणपत्र होतं आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीकडून 'मी माझे मूल यांना देत आहे' लिहून घेणं याला काडीचीही किंमत नाही, आणि असं परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा ठरतो.

आणि ती व्यक्ती परत आली तर

येऊ शकते. संरक्षकत्वाचा हुकूम दगडावरची रेघ नाही. आई किंवा वडील भेटीसाठी अर्ज करू शकतात, संरक्षक मुलाची हेळसांड करत असेल तर कलम 39 खाली त्याला काढायलाही सांगू शकतात. पण मूल ओढून नेऊ शकत नाहीत, तसं झालं तर हुकुमाची नक्कल घेऊन थान्यात जा. हुकुमानंतर दोन वर्षांनी जाऊबाईंचा फोन आला. ह्यांनी वकिलांना विचारलं, सासूबाईंनी मात्र कोणालाच न विचारता 'ये भेटायला' म्हटलं. आम्ही घरीच, आमच्यासमोर, दोन तास भेटायचं ठरवलं आणि तारीख त्याच वहीत लिहिली.

ती वही, परत आलेला लिफाफा, वर्तमानपत्राचं पान आणि मराठी चिठ्ठीची मूळ प्रत मी प्लास्टिकच्या पाकिटात वेगळी ठेवली आहे. बऱ्हाणपूरचे दोन पत्ते वर लिहिलेत. पोरगी अठराची झाली की संरक्षकत्व आपोआप संपेल, त्या दिवशी ते पाकीट तिला द्यायचं आहे.